गुरुवारचा पाचवा तास

माझी बायको गेल्याचं मला मंगळवारी बाराला दहा कमी असताना कळलं. फोनवर शाळेचा नंबर दिसला आणि मी घड्याळाकडे बघून मनात म्हणालो, हिचा आता चौथा तास, मोकळा आहे, म्हणून फोन केला असेल. खरं तर पंचवीस वर्षांत तिने मोकळ्या तासाला एकदाही फोन केला नव्हता, कारण तिचा मोकळा तास कधी मोकळा राहिलाच नव्हता. फोन मुख्याध्यापिकेचा होता. शाळेत सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात, मीही म्हणतो.

त्या तासाला ती सातवी ब वर बदलीला गेली होती. कुणीतरी रजेवर होतं. फळ्यावर तारीख लिहिली, टेबलापाशी आली आणि खाली बसली. मुलं वीस मिनिटं गप्प होती. शेवटी शेजारच्या वर्गावरचे गणिताचे सर धावत आले. आले ते कुणाची हाक ऐकून नव्हे. सातवी ब मधून आवाज येत नाही, म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, एवढंच त्यांना कळलं होतं.

तुम्ही शिक्षकाच्या घरात राहिला नसाल, तर मोकळा तास म्हणजे काय ते सांगतो. शिक्षकाला आठवड्यात काही तास वर्गावर जायचं नसतं. त्या वेळात त्याने पुढच्या धड्याची तयारी करायची, टाचण लिहायचं, वह्या तपासायच्या. कागदावर हे फार छान दिसतं. पण शाळेत रोज दोन-तीन शिक्षक गैरहजर असतात. मग शिपाई बदली वही घेऊन स्टाफरूममध्ये येतो, जो मोकळा दिसेल त्याची सही घेतो आणि त्याला त्या वर्गावर पाठवतो. आमची ही म्हणायची, "मोकळा तास म्हणजे दारात उभं राहून लोकांना आपलं नाव सांगणं. कुणीही येतं आणि उचलून नेतं." टाचण मग घरी. संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर एका बाजूला ताटं आणि दुसऱ्या बाजूला इतिहास असायचा. मी कितीतरी वेळा ताट समजून वही पुढ्यात ओढली आहे.

शाळेचं वेळापत्रकही तीच करायची. यंदा तिने सगळ्यांना शब्द दिला होता, की दुसऱ्या सत्रात प्रत्येकाला आठवड्याला दोन तास असे देईन, ज्यांना बदली वहीसुद्धा हात लावणार नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार तिने लावले होते. गुरुवार, शुक्रवार, शनिवार राहिले होते. त्याचं तिचं एक तंत्र होतं. मोठा पुठ्ठा, त्यावर प्रत्येक शिक्षकाची एक आडवी ओळ, प्रत्येक तासाचा एक उभा रकाना, आणि चौकोनात वर्गाचं नाव लिहिलेली चिठ्ठी टाचणीने लावलेली. पुठ्ठा आमच्या कपाटावर होता.

पंधरा दिवसांनी मी तो शाळेत परत द्यायला गेलो. रिक्षात मावेना म्हणून चालत गेलो. वाटेत दोघांनी विचारलं, टीव्ही घेतला का.

मोठ्या बाईंनी पुठ्ठा बघितला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पुढच्या सोमवारपासून सत्र सुरू होतंय. हे पूर्ण करायला कुणाला वेळ आहे सांगा. गेल्या वर्षीचंच चालवू."

"आणि ते दोन तास?"

"तुमच्या मिसेसच्या जागेवर अजून माणूस नाही. त्यांचे स्वतःचे तासच बदलीत चाललेत. दोन तास मी कुठून आणू?"

गणिताचे सर तिथे सही करायला आले होते. त्यांनी पुठ्ठ्याकडे असं बघितलं, जसं आमच्या बसडेपोत ड्रायव्हर रद्द झालेल्या रजेच्या अर्जाकडे बघतो.

ते मला बघवलं नाही. मी म्हणालो, "मी करतो."

"तुम्ही?"

"बाई, मी तीस वर्षं बसडेपोत ड्युट्या लावल्या. दोनशे ड्रायव्हर, दोनशे कंडक्टर, दीडशे गाड्या. त्यातल्या चाळीस गाड्या ढकलून चालू व्हायच्या. तुमचे एकवीस शिक्षक आणि सोळा वर्ग म्हणजे मला दुपारची डुलकी."

नवीन विधुराला कुणी नाही म्हणत नाही. ही गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, नाहीतर मी जरा कमी बोललो असतो. मोठ्या बाईंनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "बघा मग."

लेक तेव्हा माझ्या सोबतीला म्हणून महिनाभर राहायला आली होती. ती औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट दोनदा वाचायची सवय आहे. मी पुठ्ठा टेबलावर पसरला तेव्हा तिने विचारलं, "बाबा, तुम्ही शाळेत शेवटचे कधी गेला होतात?"

"नववीला."

"नववी पूर्ण केली?"

"दिवाळीच्या... नाही, सहामाहीपर्यंत केली. पण हे शाळेचं काम नाही. हे ड्युटीचं काम आहे."

तीन दिवस मी बसलो. पहिले दोन दिवस काही जमेना. ज्याला मोकळा ठेवावा, तो दुसऱ्या कुणाच्या तरी जागी उचलला जाणार हे दिसतच होतं. एक जण मोकळा आणि बाकीचे कामावर, म्हणजे तो एकटा कळपाबाहेर पडलेला. तिसऱ्या दिवशी दाढी करताना मला सुचलं. साबण तसाच ठेवून मी बाहेर आलो.

"सगळ्यांना एकदम मोकळं ठेवायचं," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"गुरुवारी पाचवा तास आणि शुक्रवारी पाचवा तास. एकवीसच्या एकवीस मोकळे. मग बदलीला पाठवायचं कुणाला आणि कुणाच्या जागी? बदली वही उघडायचं कारणच उरत नाही. तुझ्या आईला पंचवीस वर्षांत हे सुचलं नाही."

लेकीने माझ्या गालावरच्या साबणाकडे बघितलं. "आईला सुचलं नाही म्हणजे त्यात काहीतरी असेल."

"तुझी आई एकेका माणसाचा विचार करायची. मी डेपोचा करतो."

मी चिठ्ठ्या लावल्या. एकाच शिक्षकाला एकाच वेळी दोन वर्ग नाहीत ना, तपासलं. एकाच प्रयोगशाळेत दोन वर्ग नाहीत ना, तपासलं. डेपोत आम्ही हेच दोन तपासायचो, ड्रायव्हर आणि गाडी. प्रवासी आमच्या तक्त्यात नसायचा. तो थांब्यावर असायचा.

शेवटी बत्तीस चिठ्ठ्या उरल्या.

"बाबा, ह्या उरल्या."

"उरणारच. नवीन शर्टाला जास्तीची बटणं येतात ना, तशा तिने जास्तीच्या कापल्या असतील."

"आई? जास्तीच्या?" लेक म्हणाली. तिची आई उरलेल्या खडूचे तुकडेसुद्धा मोजून डबीत ठेवायची, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण दोघंही दमलो होतो. मी चिठ्ठ्या पाकिटात घातल्या आणि पाकीट पुठ्ठ्याच्या मागे चिकटवलं.

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या शाळेत हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. तर तक्ता स्टाफरूममध्ये लागला तेव्हा प्रत्येकाने फक्त आपली ओळ बघितली. गुरुवार पाचवा मोकळा, शुक्रवार पाचवा मोकळा, दोन्ही चौकोनांत मी लाल पेनने 'राखीव' लिहिलं होतं. चित्रकलेच्या बाईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि डोळे पुसले. मोठ्या बाईंनी सही केली. त्यांनी नंतर मला सांगितलं, की पहिल्याच नजरेत काहीतरी खटकलं होतं, पण मी समोर उभा होतो, आणि माझ्या शर्टाची बटणं एक घर खाली लागली होती.

शिपायाने त्यावरून प्रत्येक वर्गासाठी वेगळा तक्ता लिहिला. गुरुवारच्या पाचव्या चौकोनात लिहायला काही मिळालं नाही, म्हणून त्याने तो कोरा सोडला. मागाहून सांगतील, असं त्याला वाटलं. आणि सोळाही वर्गांना वाटलं, की चुकून आपल्याच वर्गाला मोकळा तास मिळालाय. सोळाही वर्गांनी तोंडं शिवून ठेवली. आठवी क मध्ये तर जो बाहेर बोलेल त्याच्याशी वर्षभर कुणी बोलणार नाही, असं ठरलं होतं म्हणे.

सोमवार ते बुधवार तिने लावलेले दिवस. लोण्यातून सुरी जावी तसे गेले.

गुरुवारी मी स्वतः गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला, बटणं लेकीने तपासली. मधल्या सुट्टीनंतर पाचव्या तासाची घंटा झाली आणि एकेक करून सगळे स्टाफरूममध्ये आले. खुर्च्या होत्या चौदा. एकवीस शिक्षक एका वेळी बसलेले त्या खोलीने कधी बघितलेच नव्हते. कुणी खिडकीत बसलं, कुणी कपाटाला टेकलं. खिडकीशेजारची तिची खुर्ची रिकामी होती. आठ जणांना खुर्ची नव्हती, पण तिच्यावर कुणी बसेना. शेवटी पीटीच्या सरांनी मलाच दंडाला धरून तिथे बसवलं.

मग वह्या उघडल्या. तुम्हाला सांगतो, ती चार मिनिटं मी विसरणार नाही. नुसता पेनांचा आवाज. चित्रकलेच्या बाई रंगांच्या बाटल्यांची यादी करत होत्या. मराठीच्या सरांनी टाचणाच्या वहीचं पहिलं पान उघडलं, वर तारीख लिहिली आणि ते झोपले. गणिताचे सर माझ्याकडे बघून नुसते मान हलवत होते.

मग वरच्या मजल्यावरून काहीतरी घरंगळत गेल्यासारखं झालं.

"कुणाचा वर्ग हा?" चित्रकलेच्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

"आठवी क असेल."

"कोण आहे तिथे?"

"विज्ञानवाले सर असतील."

"मी इथे आहे," कपाटामागून आवाज आला.

"मग पाचवी अ असेल. तिथे इंग्रजीच्या बाई असतात."

"मी पण इथेच आहे."

"पीटीचे सर मैदानावर..."

"मी यांना खुर्चीवर बसवलं ना आत्ता," पीटीचे सर म्हणाले.

पेनं थांबली. एकवीस माणसांनी एकमेकांना मोजलं. मराठीचे सर झोपेतून उठले आणि त्यांनीही मोजलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

तीस वर्षांत माझ्या हातून एकदा एक बस ड्रायव्हरशिवाय लागली होती. ती जागेवर उभी राहिली. मुलं उभी राहत नाहीत, हे मला त्या खुर्चीवर बसून कळलं.

तेवढ्यात शिपाई आला. "बाई-सर, सगळे वर्ग रिकामे आहेत. म्हणजे भरलेले आहेत. पण रिकामे आहेत."

त्याच्यामागे मोठ्या बाई, हातात बदली वही. "कोण कोण मोकळं आहे?"

एकवीस हात वर झाले.

"चला मग वर्गांवर."

कुणी उठलं नाही.

"बाई," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. त्या वीस वर्षांत कधी मोठ्या आवाजात बोलल्या नव्हत्या, आताही हळूच बोलल्या. "तक्त्यावर राखीव लिहिलंय. खाली तुमची सही आहे."

"पाचशे मुलं आहेत वर."

"रोजच असतात, बाई."

मोठ्या बाईंनी वही उघडली. आधी गैरहजर शिक्षकाचं नाव लिहायचं, मग त्याच्या जागी जाणाऱ्याचं, मग सही, अशी त्या वहीची रीत. त्यांचं पेन पहिल्या रकान्यावर थांबलं. गैरहजर कुणीच नव्हतं. त्यांनी पान उलटून बघितलं, जणू मागे काही सोय असेल.

"कुणाच्या जागी लिहू?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे बोट केलं. "तुम्ही लावलंय ना? तुम्ही माझ्याबरोबर चला. शिपाई खालचा मजला. पीटीचे सर, तुम्ही जिन्यात उभं राहा, कुणी गडगडत आलं तर झेला. आणि वर पोचलो की मी आठवी क बघते, तुम्ही सातवी ब वर जा."

त्यांनी मुद्दाम म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर त्यांच्याही लक्षात आलं, पण तोवर त्या आठवी क कडे निघाल्या होत्या.

वरच्या मजल्यावर जत्रा परवडली. एका वर्गाने बाकं भिंतीला लावून मैदान केलं होतं. दुसऱ्या वर्गात कुणीतरी मोठ्या बाईंचा आवाज काढत होतं, आणि फार चांगला काढत होतं. फक्त एका दारातून आवाज येत नव्हता. दारावर सातवी ब लिहिलं होतं.

मी पळालो. गुडघे दुखत होते तरी पळालो.

आत चाळीस मुलं हाताची घडी घालून बसली होती. फळ्यापाशी मोकळी जागा होती. तिथे उभं राहावं की नाही ते मला कळेना, म्हणून मी दारापाशीच उभा राहिलो.

पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी म्हणाली, "तुम्ही बाईंचे मिस्टर ना?"

"हो."

"तुम्ही शिकवणार?"

"मला शिकवता येत नाही. मला बस सोडता येते."

कुणी हसलं नाही.

"सगळी शाळा ओरडतेय. तुम्ही गप्प का?" मी विचारलं.

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. मग चष्मेवालीच बोलली. "त्या दिवशी पण आम्ही गप्प होतो. बाई खाली बसल्या. आम्हाला वाटलं, दमल्या. मग आम्ही ठरवलं की आवाज करायचा नाही, बाईंना बसू द्यायचं."

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मी सांगितलं होतं सगळ्यांना. आवाज केला असता तर सर लगेच आले असते."

तो मोठा दांडगट मुलगा होता, मिसरूड फुटायला आलेलं. त्याने हे मला सांगितलं आणि बाकाकडे बघत राहिला. वर्गाने त्याच्याकडे बघितलं नाही. म्हणजे यावर त्यांचं आधी बोलणं झालं होतं, बऱ्याचदा झालं असावं.

डेपोत गाडी बंद पडली की पहिला प्रश्न एकच, चूक कुणाची. त्याचं उत्तर लिहून द्यायची मला तीस वर्षांची सवय. इथे काय लिहायचं ते कळेना. मी म्हणालो, "डॉक्टर मला म्हणाले, ती बसली तेव्हाच सगळं संपलं होतं. तुम्ही बोंब मारली असती तरी काही झालं नसतं."

डॉक्टर असं म्हणाले होते का, मला माहीत नाही. ते बरंच काही बोलत होते आणि मी त्यांच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो.

"नक्की?" मागच्या मुलाने विचारलं.

"नक्की. आणि तिला या शाळेत कुणी बसू देत नव्हतं. तुम्ही दिलंत. बरं केलंत."

त्या मुलाने हाताची घडी सोडली. मी म्हणालो, "आता आवाज करा."

"किती?"

"बाकीचे करतायत तेवढा. तुम्ही काय कमी आहात?"

आधी एकाने बाक वाजवला, अगदी परवानगी घेतल्यासारखा. मग दुसऱ्याने. मग चष्मेवालीने पट्टी घेतली. आणि मग सातवी ब ने महिन्याभराचा साठवलेला आवाज एकदम बाहेर काढला. खिडकीची काच थरथरली. आठवी क चा आवाज त्यात बुडून गेला. मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण माझं तोंड त्या वेळी मुलांना दाखवण्यासारखं नव्हतं.

दारात मोठ्या बाई आल्या. त्यांच्या केसांत खडूची पूड होती.

"मी तुम्हाला वर्ग सांभाळायला पाठवलं होतं," त्या ओरडून म्हणाल्या.

"सांभाळतोच आहे," मीही ओरडून म्हणालो.

त्यांनी वर्ग बघितला, मला बघितलं, आणि दार ओढून घेऊन गेल्या. घंटा होईपर्यंत परत आल्या नाहीत.

सहाव्या तासाला माझी पेशी झाली. गणिताचे सर उरलेल्या चिठ्ठ्यांचं पाकीट उघडून बसले होते.

"ह्या काय आहेत, माहीत आहे का तुम्हाला?"

"जास्तीच्या."

"बत्तीस तास शिकवणं आहे हे. सोळा वर्गांचे दोन-दोन तास. सहावी अ चा भूगोल तर तुम्ही पूर्ण पाकिटात घातलात." त्यांनी पुठ्ठा माझ्याकडे वळवला. "आडवं वाचून झालं की उभं वाचायचं असतं. प्रत्येक रकान्यात सोळाही वर्ग दिसले पाहिजेत. मिसेस उभंच आधी वाचायच्या."

ती वर्षानुवर्षं माझ्यासमोर तो पुठ्ठा उभा धरून बसायची. मला वाटायचं, मला टीव्ही दिसू नये म्हणून.

मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्यापासून जुनं वेळापत्रक. विषय संपला."

"सोमवार ते बुधवार चांगले चालले, बाई," गणिताचे सर म्हणाले. "ते राहू द्या. उरलेल्या तीन दिवसांना एक आठवडा द्या. एका वेळी दोघांनाच राखीव ठेवू. तीन दिवसांचे वीस तास, म्हणजे वीस जणांना दोन-दोन मिळतात."

"आपण एकवीस आहोत."

"मला नको. मी घरी करतो."

मोठ्या बाईंनी पुठ्ठा स्वतःकडे ओढला. मग मला म्हणाल्या, "या वेळी सही करण्याआधी मी उभं वाचणार आहे."

तेव्हापासून मी रोज मधल्या सुट्टीत शाळेत जातो. गणिताचे सर एका हाताने डबा खातात आणि दुसऱ्या हाताने माझ्या चुका दाखवतात. त्या आठवड्याचे आता पाच आठवडे झाले. लेक परत गेली, फोनवर रोज विचारते, "बाबा, उभं वाचलं का?"

गुरुवार आणि शुक्रवार लागले आहेत. शनिवार राहिला आहे. गणिताच्या सरांचे दोन तास मला अजून सापडलेले नाहीत. तिच्या जागेवर कुणी आलेलं नाही, त्यामुळे तिचे एकतीस तास दर आठवड्याला बदलीत जातात, आणि ते बाकीच्यांच्या मोकळ्या तासांतूनच भरावे लागतात. राखीव तास आतापर्यंत एकालाही पूर्ण मिळालेला नाही.